सर्व वयांच्या आणि सर्व क्षमतांच्या मंडळींची एक दिवसाची डोंगरभटकंती : भाजे, लोहगड, विसापूर

कातळवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

डिसेंबरमधल्या आपल्या वार्षिक भटकंतीसाठी आतापर्यंत एकतीस नावे आली आहेत. सर्वांत लहान सदस्य आठ वर्षांची आहे आणि सर्वांत ज्येष्ठ एकाहत्तर वर्षांच्या आहेत. काही जण दर महिन्याला सह्याद्रीत जातात. काहींनी गेल्या दहा वर्षांत इमारतीच्या जिन्याखेरीज काहीही चढलेले नाही. दोघांच्या गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेली आहे. अशा सगळ्यांना एकाच दिवशी डोंगरावर न्यायचे असेल तर नियोजन आधी, लेखी आणि सर्वांसमोर व्हावे, म्हणून हा धागा.

गेल्या वर्षीची चूक आधी सांगतो, कारण ती माझी होती. आपण सगळ्यांना एकाच वाटेने गडावर नेले. पुढची मंडळी खिंडीत पोहोचली, वीस मिनिटे बसली, त्यांनी संत्री सोलून खाल्ली, आणि शेवटची तिघे धापा टाकत पोहोचताच ‘आले सगळे, चला’ असे म्हणून उठली. ज्यांना विश्रांतीची सर्वांत जास्त गरज होती त्यांना ती दिवसभरात एकदाही मिळाली नाही आणि ज्यांना फारशी गरज नव्हती त्यांना ती प्रत्येक थांब्यावर मिळाली. एक सदस्य अर्ध्या वाटेतून मागे फिरल्या आणि पायथ्याच्या टपरीवर चार तास एकट्या बसून राहिल्या. मला हे सहा महिन्यांनी कळले आणि तेव्हापासून ते मनातून जात नाही.

म्हणून यंदा जागा निवडताना ‘सगळ्यांना झेपेल असा गड कोणता’ हा प्रश्न मी बाजूला ठेवला. वेगवेगळ्या ताकदीच्या वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतील असा डोंगर शोधला. माझ्या मते लोहगड-विसापूरची जोडी या कामासाठी फार चांगली आहे. दोन गडांच्या मध्ये गायमुख खिंड आहे, खिंडीलगत लोहगडवाडी आहे आणि वाडीपर्यंत गाडीरस्ता जातो. मळवली स्थानकावरून निघालेला माणूस पायी आला काय किंवा वाहनाने आला काय, जेवायला वाडीतच पोहोचणार.

तीन वाटा सुचवतो. पहिली : मळवलीहून भाजे, लेणी सावकाश पाहून वाहनाने लोहगडवाडी. दुसरी : मळवलीहून भाजेमार्गे पायी लोहगडवाडी, जेवणानंतर पायऱ्यांनी लोहगड. तिसरी : मळवलीहून पाटण गावाकडून विसापूर चढणे, माथ्यावरून आडवे जाऊन गायमुख खिंडीत उतरणे, वाडीत जेवण आणि मग इतरांबरोबर लोहगड. लोहगडाची उंची सुमारे १०३३ मीटर आणि विसापूरची सुमारे १०८४ मीटर आहे. मळवलीपासून धरले तर चढ चारशे मीटरहून जास्त होतो.

जेवण दीड वाजता, आणि ते सर्वांनी एकत्र करायचे, ही अट मी कायम ठेवणार आहे. बाकी सगळ्यावर सूचना हव्यात.

डोंबिवलीकर

योजना आवडली. मुंबईकडच्या मंडळींच्या बाजूने वेळेचा हिशेब मांडतो. पहाटेच्या इंद्रायणी एक्स्प्रेसने आपण आठच्या सुमारास लोणावळ्यात उतरतो. तेथून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने मळवली हे पुढचेच स्थानक आहे, परंतु ती लोकल आपल्या सोयीने मिळेलच असे नाही. पुणे-लोणावळा मार्गावर गाड्या मुंबईसारख्या दर चार मिनिटांनी येत नाहीत आणि दुपारी तर बराच वेळ गाडीच नसते. त्यामुळे आदल्या आठवड्यात चालू वेळापत्रक पाहून कोणती लोकल घ्यायची ते ठरवावे, आणि ती चुकली तर लोणावळ्याहून वाहन करण्याइतके पैसे सामायिक खर्चात आधीच धरावेत.

परतीची इंद्रायणी संध्याकाळी असते. ती गाठायची असेल तर लोहगडावरून खाली वाडीत येण्याची वेळ साडेचार ही पक्की धरावी लागेल. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उतरताना अंधार झाला तर हळू चालणाऱ्यांचे हाल सर्वांत जास्त होतात, म्हणून गाडी नसती तरी मी हीच वेळ सुचवली असती.

मावळची_लेक

माझे माहेर याच पट्ट्यातले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

तिसऱ्या वाटेबद्दल सावध करणे आवश्यक आहे. पाटणकडून विसापूरला जाताना ढोरवाटा इतक्या फुटतात की दहा वेळा गेलेला माणूसही चुकतो. पावसाळ्यानंतर गवत कमरेइतके वाढलेले असते आणि डिसेंबरात ते वाळून आडवे होते, त्याखालचे सुटे दगड दिसत नाहीत. मोबाइलवरच्या नकाशाच्या भरवशावर जाऊ नका. गावातला वाटाड्या घ्या, त्याची मजुरी आधी ठरवा आणि ती घासाघीस न करता द्या.

विसापूरचा माथा प्रचंड विस्तीर्ण आहे. तटबंदी, पाण्याची टाकी, चुन्याच्या घाण्याचे दगडी जाते, कातळात कोरलेला मारुती हे सगळे पाहायचे म्हटले तर दोन तास कुठे जातात ते कळत नाही. शिवाय वर सावली जवळजवळ नाही. तिसऱ्या वाटेच्या लोकांना दीडला जेवायला यायचे असेल तर त्यांनी माथ्यावर एक तासच द्यावा. एवढे मात्र जरूर करा, लोहगडाकडच्या तटावर थोडे थांबा. तेथून लोहगड तळहातावर ठेवल्यासारखा खाली दिसतो, आणि १८१८ साली इंग्रजांनी आधी विसापूर घेतल्यावर लोहगड लढवणे का अशक्य झाले ते कोणी न सांगताही समजते.

खिंडीच्या बाजूला उतरताना घळीतल्या पायऱ्या आहेत. पावसाळ्यात त्यांच्यावरून पाणी धो धो वाहते, म्हणून त्या वेळी तेथे प्रचंड गर्दी होते आणि अपघातही होतात. डिसेंबरात त्या कोरड्या असतील, पण दगड गुळगुळीत झालेले आहेत. झिजलेल्या तळव्यांचे बूट घालून आलेल्या माणसाला त्या दिवशी तिसऱ्या वाटेवर घेऊ नये, मग तो कितीही सराईत असो.

आता ज्या विषयावर कोणी लिहीत नाही त्यावर लिहिते. स्त्रियांच्या स्वच्छतागृहाची सोय लोहगडवाडीत घरगुती खाणावळींकडे होते, आणि जेवण सांगतानाच हेही विचारून ठेवता येते. विसापूरच्या वर काहीही नाही. मळवलीहून निघाल्यापासून वाडीपर्यंत चार-पाच तास जातील हे तिसऱ्या वाटेच्या मैत्रिणींना आधी माहीत असावे. अनेक जणी या एका कारणाने दिवसभर पाणी पीत नाहीत, मग उन्हात डोके धरते, चक्कर येते, आणि सगळे समजतात की तिला चढ झेपला नाही.

जेवणासाठी चार दिवस आधी आकडा कळवावा. एकतीस माणसांच्या भाकऱ्या ऐन वेळी थापून होत नाहीत. पिठले, भाकरी, ठेचा, भात असे साधे सांगितले तर सगळ्यांना गरम मिळेल.

शेंदूर

मी स्पष्ट लिहितो, गैरसमज नसावा. मी आणि माझे तीन मित्र हे दोन्ही गड दुपारी बारापर्यंत आटपू शकतो. दीड वाजता सगळ्यांनी एकत्र जेवायचे, लोहगड सगळ्यांबरोबर चढायचा, साडेचारला खाली यायचे, असे प्रत्येक गोष्टीला बांधून घेतले तर वेगाने चालणाऱ्यांच्या वाट्याला दिवसभर थांबणेच येईल. वेगवान माणसांना त्यांच्या वेगाने जाऊ द्यावे आणि संध्याकाळी मळवलीला भेटावे, असे का करू नये?

कातळवाट

शेंदूर, तुमचे म्हणणे गैर नाही आणि तुमच्याइतका वेग माझ्याकडेही एके काळी होता. परंतु दोन्ही गड बारापर्यंत आटपायचे असतील तर त्यासाठी वर्षातले इतर एक्कावन्न रविवार आहेत. हा दिवस एकत्र भेटण्यासाठी ठेवलेला आहे. सकाळी मळवलीला हस्तांदोलन करून संध्याकाळी मळवलीलाच निरोप घ्यायचा असेल तर एकतीस जणांनी एकाच डोंगरावर येण्याचे कारण उरत नाही.

तुमच्या वाटेवर सकाळचे चार तास सर्वस्वी तुमचे आहेत. तेथे कोणीही तुम्हाला अडवणार नाही. विसापूरचा घेरा पूर्ण फिरा, हवे तर पहिल्या लोकलने या आणि आमच्या आधी निघा. दीडनंतरचा वेळ मात्र सगळ्यांचा आहे, आणि त्या वेळात तुमच्यासारख्यांची मला प्रत्यक्ष गरज आहे. लोहगडाच्या पायऱ्यांवर शेवटच्या माणसाबरोबर चालणारा माणूस सर्वांत ताजा आणि सर्वांत अनुभवी असावा लागतो. पिछाडीला नवख्या स्वयंसेवकाला ठेवण्याची पद्धत मला चुकीची वाटते, कारण अडचण येते ती बहुधा मागेच येते.

अस्थिवेध

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. तिन्ही वाटांचे वर्णन करताना आपण सगळे चढाबद्दल बोलत आहोत. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो. चढताना दम लागतो आणि तो थांबल्यावर भरून येतो. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत शरीराचे वजन पेलतात, ते थकले की सांध्यावरचा भार वाढतो, आणि थांबल्याने तो त्रास चटकन कमी होत नाही. लोहगडाच्या पायऱ्या बांधीव असल्या तरी त्यांची उंची सारखी नाही. म्हणून ‘पायऱ्या आहेत, म्हणजे सोपे आहे’ असे कोणालाही सांगू नये. ‘वर जायला पाऊण तास, खाली यायलाही जवळजवळ तेवढाच वेळ, कठडा सगळीकडे नाही’ असे सांगावे आणि निर्णय त्या व्यक्तीवर सोडावा. दोन काठ्या असतील तर उतारावर मोठा फरक पडतो. ज्यांच्याकडे जास्तीच्या आहेत त्यांनी आणाव्यात.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी डोंगरात एक जुना ठोकताळा वापरतात. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला : सपाटीवरच्या दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. आपल्यासारख्या मिश्र गटासाठी मी तो दीडपट करते, लहान मुले असतील तर दुप्पट. त्या हिशेबाने दुसऱ्या वाटेच्या मंडळींनी नऊपर्यंत मळवली सोडली तर ती कोणतीही घाई न करता दीडच्या आत वाडीत पोहोचतील.

चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल तर वेग योग्य आहे. वाक्य तुटायला लागले की थांबावे, त्यासाठी कोणाची परवानगी लागू नये. मधुमेह असलेल्यांनी दीडच्या जेवणाची वाट न पाहता अकराला काहीतरी खावे आणि साखर किंवा गोळ्या स्वतःच्या खिशात ठेवाव्यात, सामानाच्या गाडीत नव्हे. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, असा घाम की जो चालण्याने आलेला वाटत नाही, यांपैकी काहीही झाले तर त्या माणसाला एक पाऊलही पुढे चालवू नका.

डोंबिवलीकर

एक पर्याय सुचवून पाहतो. माथेरान का नको? तेथे मोटारींना बंदी आहे, बऱ्याच पॉइंटांपर्यंत सावलीतल्या लाल मातीच्या रस्त्यांनी जाता येते, थकलेल्या माणसाला घोडा किंवा रिक्षा मिळू शकते, आणि दमदार मंडळींना गार्बेट पॉइंटकडून चढून येता येईल.

मावळची_लेक

माथेरानचा विचार मीही केला होता, आणि केवळ सावलीच पाहिली तर माथेरान उजवे आहे. अडचण अशी की तेथे वाटा माथ्यापासून चारी दिशांना पांगतात. एक गट एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये बाजारपेठेची गर्दी. लोहगडवाडीत मात्र सगळ्या वाटा आपोआप आत येतात, आणि एखाद्याला परत जावेसे वाटले तर गाडीरस्ता दारात आहे.

सांजसावली

हा धागा मी चार दिवसांपासून वाचते आहे. गेल्या वर्षी टपरीवर बसून राहिलेली ती सदस्य मीच.

कातळवाट, तुम्ही ती गोष्ट मनाला लावून घेतली हे वाचून बरे वाटले, परंतु एक दुरुस्ती करू द्या. मला सोपी वाट हवी होती असे नाही. मला मागे फिरावे लागले याचे वाईटही वाटले नव्हते. माझ्या पायांना काय झेपते ते मला ठाऊक आहे. वाईट वाटले ते दोन गोष्टींचे. तुम्ही सगळे किती वाजता खाली याल हे मला कोणीही सांगितले नव्हते, त्यामुळे मला टपरी सोडून गावातल्या देवळापर्यंतही जाता आले नाही. आणि संध्याकाळी बसमध्ये सगळे जण वर काय काय पाहिले ते एकमेकांना सांगत होते, तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखे काहीच नव्हते.

यंदाच्या योजनेत पहिली वाट वाचताना मला थोडी तशीच शंका आली. ‘लेणी सावकाश पाहून वाहनाने वाडीत’ एवढ्या एका ओळीत तो भाग संपला. विसापूरबद्दल दोन परिच्छेद आले, भाज्याबद्दल एकही नाही. पहिल्या वाटेवर आमची काळजी घ्यायला माणूस देऊ नका, आम्हाला लेणी समजावून सांगू शकेल असा माणूस द्या. आणि तिन्ही गटांच्या वेळा लिहिलेला कागद प्रत्येकाच्या खिशात द्या.

मावळची_लेक

ताई, चूक झाली. भाज्याबद्दल मी लिहायला हवे होते, कारण माझ्या लेखी त्या दिवशीची सर्वांत मोलाची जागा तीच आहे.

भाज्याला बावीस बौद्ध लेणी आहेत आणि ती साधारण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झाली. चैत्यगृहाची, म्हणजे प्रार्थनेच्या दालनाची, कमान घोड्याच्या नालेसारखी आहे, आतले अष्टकोनी खांब किंचित आत झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत भार पेलण्यासाठी खांब तसे कलते ठेवावे लागत. दगडात त्याची गरज नव्हती, तरी कोरणाऱ्यांचा हात ती जुनी सवय सोडायला तयार नव्हता. छताला लाकडी फासळ्या आहेत आणि त्यांतल्या काही मूळच्या, दोन हजार वर्षांहून जुन्या, आजही जागेवर आहेत. पुढे गेल्यावर चौदा स्तूपांचा समूह लागतो, आणि टोकाच्या विहाराच्या, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या, ओसरीत रथातला सूर्य, हत्तीवरचा इंद्र, तालवाद्य वाजवणारी स्त्री आणि तिच्याबरोबर नाचणारी स्त्री हे शिल्प आहे. सकाळी तेथे गर्दी नसते. दोन तास सहज लागतात, आणि वेगाने चालणाऱ्यांना ते बहुतेक वेळा पाहायला मिळत नाही कारण ही मंडळी लेण्यांच्या पायथ्याशी न थांबता पुढे निघून गेलेली असतात.

भाजे गावातून लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या आहेत, एवढे मात्र लक्षात ठेवावे लागेल. मध्ये बसता येते. पहिल्या वाटेबरोबर मीच येते. विसापूर मी पुष्कळ वेळा पाहिला आहे.

कातळवाट

सांजसावली, मनापासून आभार. योजनेत बदल करतो आहे.

पहिल्या वाटेचे नेतृत्व मावळची_लेक करतील आणि त्या गटाला भाज्यात पूर्ण दोन तास मिळतील. लेणी, लोहगड आणि विसापूर ही तिन्ही संरक्षित स्मारके आहेत, तेव्हा तिकिटांचे पैसे सामायिक खर्चात धरले आहेत. चूल पेटवणे, कातळावर नावे लिहिणे यांपैकी काहीही चालणार नाही. २०२५ मध्ये लोहगडाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठा लष्करी भूप्रदेशाच्या बारा किल्ल्यांत झाला आहे, त्यामुळे तेथे सुट्टीच्या दिवशी पूर्वीपेक्षा गर्दी असेल असे मी धरून चालतो आणि रविवारऐवजी शनिवार सुचवतो.

तिन्ही गटांच्या वेळा, प्रत्येक गटाच्या आघाडीच्या आणि पिछाडीच्या माणसाचा क्रमांक, आपत्कालीन ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे एका कागदावर छापून प्रत्येकाला देऊ. खिंडीच्या आजूबाजूला मोबाइलला सर्वत्र रेंज असेल यावर मी विसंबणार नाही. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र ही डोंगरात बचावकार्य करणारी संस्था आहे. तिचा चालू संपर्क क्रमांक निघण्यापूर्वी खात्री करून त्याच कागदावर घालेन.

विश्रांतीचा नियमही लिहून ठेवतो : थांबा सुरू झाल्याची वेळ शेवटचा माणूस बसल्यापासून मोजायची. दहा मिनिटांचा थांबा म्हणजे त्याची दहा मिनिटे.

आणखी एक नियम मी घालणार होतो की सकाळी निवडलेल्या वाटेवरून सोप्या वाटेवर येता येईल, अवघड वाटेवर जाता येणार नाही. सकाळच्या भागासाठी तो ठेवतो, कारण वाटाड्या, पाणी आणि वेळ त्या संख्येवर ठरतात. जेवणानंतर मात्र तो नाही. पहिल्या वाटेच्या कोणाला लोहगडाच्या गणेश दरवाजापर्यंत, किंवा नारायण आणि हनुमान दरवाजे ओलांडून महादरवाजापर्यंत, किंवा थेट माथ्यावर यावेसे वाटले तर यावे. ही वाट वळणावळणाने चढते आणि प्रत्येक दरवाजा ही मागे फिरण्याची मानाची जागा आहे. विंचूकाट्यावर, म्हणजे लोहगडाच्या लांब चिंचोळ्या सोंडेवर, उतरताना छोटा कातळटप्पा लागतो, तेथे मुलांना मोठ्या माणसाशिवाय सोडायचे नाही आणि वारा जोराचा असेल तर कोणीच जायचे नाही.

शेंदूर

मी पिछाडीला राहीन. जेवणानंतर लोहगडावर शेवटच्या माणसाबरोबर. माझ्याकडे चार काठ्या आहेत, त्या आणतो. सकाळी मात्र आम्ही पहिल्या लोकलने येऊ आणि विसापूरचा पूर्ण घेरा करू. वाटाड्याशी मी या शनिवारी पाटणला जाऊन बोलतो आणि वाट पुन्हा एकदा पाहून येतो. आग्या मोहोळ कोठे लागले आहे तेही पाहतो. तशा जागी कोणीही अत्तर लावून येऊ नये, धूर करू नये आणि आरडाओरडा करू नये हे सगळ्यांना आधी सांगावे लागेल.

चंद्रमौळी

यादीतली एकाहत्तर वर्षांची सदस्य मी. माझे नाव मुलाने पहिल्या वाटेत घातले आहे असे दिसते. भाजे मला पाहायचेच आहे, तेव्हा सकाळसाठी ते नाव तसेच राहू द्यावे. दुपारी मी हनुमान दरवाजापर्यंत येईन. शेंदूर, त्यांतल्या दोन काठ्या माझ्यासाठी ठेवाव्यात, आणि माझी उंची पाच फूट आहे, तेव्हा त्या लहान करता येतात ना ते कळवावे.